थोरलीच्या खोलीतलं रान

मी, खाली सही करणारी, रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून केस पांढरे केलेली, विधवा, दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत टाचला आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, भरीस घातलेलं नाही की गोड बोलून गुंडाळलेलंही नाही. गुंडाळायला कुणी आलं असतं तर बरंच वाटलं असतं, निदान बसून चहा तरी प्यायलं असतं. शरीर मात्र ठिकाणावर नाही. यकृतात जे वाढलं आहे ते आता ऐकणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून, माझा हात हातात धरून सांगितलं. मृत्युपत्रात 'मरणाची भीती नाही' असं लिहायची पद्धत असते म्हणे. मला भीती आहे. मला मरायला सवड नाही, आणि ती का नाही ते पुढे येईलच.

याआधी वकीलसाहेबांनी एक मसुदा टाइप करून आणला होता. तो मी फाडला आहे, कुणाला त्याची प्रत सापडल्यास ती रद्द समजावी. मसुद्यात चूक अशी काही नव्हती. घर होतं, बँकेतली शिल्लक होती, भांडीकुंडीसुद्धा होती. मी तो दोनदा वाचला आणि विचारलं की थोरलीला कुणाच्या नावे करायचं ते कुठे लिहिलंय. वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, घर देता येतं, पैसे देता येतात. माणूस मृत्युपत्रात देता येत नाही."

मी म्हटलं, मग बाकीचं देऊन तरी काय उपयोग. त्यांनी फी घेतली नाही. त्या अर्थी माणूस भला आहे. तर जे देता येतं ते मी खाली देत आहे आणि जे देता येत नाही त्याच्यासाठी हात जोडत आहे. कायद्याने एवढं चालवून घ्यावं.

कलम १. घर

राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरचा माळा, हे माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलांच्या वडिलांनी ते घेतलं आणि हप्ते मी फेडले, ही गोष्ट त्यांच्या बहिणीने चारचौघांत नेहमी उलटी सांगितली आहे, म्हणून इथे सुलटी करून ठेवते. घराची मालकी मी माझ्या धाकट्याला, म्हणजे मुलाला, देते. पण आतल्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क माझ्या थोरलीचा राहील. ती आहे तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि तिला त्या खोलीतून हलवू नये.

हे कलम मी लिहीत आहे आणि ते पाळलं जाणार नाही हेही मला कळतं. खोलीत राहायचा हक्क दिला म्हणजे सकाळी उठवायला, जेवायला वाढायला, औषध द्यायला माणूस मिळतो असं नाही. तरी लिहिते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

कलम २. खोलीच्या भिंती, आणि त्या तशा का आहेत

जो कुणी हे वाचेल त्याला थोरली माहीत नसेल, म्हणून सांगते. एकोणिसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागणार होती. आवाज असा की समोरच्याने नुसतं ऐकत राहावं, आणि बडबड एवढी की मी म्हणायचे, अगं, थोडं उद्यासाठी ठेव. मग मेंदूत ताप गेला. ताप उतरला, तो आवाज घेऊन उतरला. तेव्हापासून ती बोलत नाही, आणि रस्त्यावर नेलं की कान दाबून खाली बसते. घरात शांत असते. स्वतःच्या हाताने जेवते, कपड्यांच्या घड्या घालते, आणि पुसायचं काम तिला मनापासून आवडतं. भांडी, टेबल, खिडकीचे गज, जे समोर येईल ते ओल्या फडक्याने पुसून लख्ख करते. तिच्या वडिलांना हे बघवलं नाही. ते घरात कमी आणि बाहेर जास्त राहू लागले, आणि शेवटी बाहेरच गेले, बसस्टॉपवर, हृदय बंद पडून. त्यांच्यावर माझा राग होता. आता तो मी त्यांना परत भेटेपर्यंत तहकूब ठेवते.

आतल्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून पूर्वी ऊन यायचं आणि थोरली दिवसभर त्यात बसायची. ऊन सरकलं की ही सरकायची. मग शेजारी इमारत उठली, इतकी चिकटून की खिडकीतून हात काढला तर तिच्या भिंतीला लागतो. ऊन बंद झालं. थोरली त्या जागी जाऊन बसायची, फरशीवर हात फिरवायची आणि माझ्याकडे बघायची. नंतर नंतर तिने खाणंही सोडलं. मी नगरपालिकेत अर्ज केले, बिल्डरच्या दारात भांडले, तिथल्या वॉचमनने मला ओळखून खुर्ची द्यायला सुरुवात केली, पण इमारत काही हलली नाही.

दुकानात ब्रश गुंडाळायला रद्दी यायची. तिच्यात एक दिवस पक्ष्यांचं पुस्तक आलं, पुढची पानं फाटलेली, पाठीचा पुठ्ठा उंदराने खाल्लेला. बारमाही पाऊस पडतो अशा घनदाट रानातले पक्षी. त्यात लिहिलं होतं की तिथे झाडं एवढी दाट असतात की ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, पोहोचलं तर तुकड्या-तुकड्यांनी. मी काउंटरखाली बसून वाचलं आणि मनात म्हटलं, ही तर आमचीच खोली. फरक एवढाच की तिथे त्या अंधारात लाल, निळे, पिवळे पक्षी होते.

रंग मिसळताना चूक झाली की तो डबा परत घेता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं दुखणं. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, आपण मिसळतो, आणि ते भिंतीला एक हात लावून परत येतं, 'हा नाही हो, जरा फिका हवा होता.' असे डबे दुकानाच्या माळ्यावर पडून राहायचे. मी मालकांना म्हटलं, हे मी नेते. ते म्हणाले, न्या, जागा तरी होईल. तर माझं रान हे लोकांनी नाकारलेल्या रंगांचं आहे. खालची गर्द पानं म्हणजे एका शाळेचे दरवाजे, वरची पोपटी पानं म्हणजे कुण्या दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम. मकावचा, म्हणजे लांब शेपटीच्या मोठ्या पोपटाचा, लाल हा एका दुकानाच्या पाटीसाठी मिसळला होता, तो जरा केशरीकडे गेला. सगळं ऑइल पेंट. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

मला चित्रकला येत नव्हती. पहिला मकाव कोंबडी झाला. तो अजून दारामागे आहे आणि मी त्याला पुसू दिलेलं नाही, कारण सुरुवात तिथून झाली. पुढे हात बसला. धनेश जमला, शेपटीला दोन लांब पिसं असलेला तो हिरवा पक्षी जमला, आणि मोठ्या चोचीचा टूकन तर इतका जमला की शिवणबाई, खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या माझ्या शेजारीणबाई, त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, हा आता मला काहीतरी सुनावणार. सगळ्यात जास्त दिवस उन्हाला लागले. पिवळा लावला की हळद सांडल्यासारखं दिसायचं, पांढरा लावला की भिंतीचा पोपडा. शेवटी कळलं की उन्हाला हात लावायचाच नाही, त्याच्या दोन्ही बाजूंची सावली गर्द करत जायची. तशी केली, आणि एका दुपारी छतापासून फरशीपर्यंत उन्हाचा पट्टा उतरला. थोरली उठली, त्याच्याखाली जाऊन बसली आणि डोळे मिटून घेतले. त्या थंडीत तिने न्हाऊन केस वाळवले ते त्याच पट्ट्यात.

हे सगळं मी तिच्यासाठी केलं असं लोक म्हणतात आणि मी ते म्हणू दिलं. खरं असं आहे की मी ते माझ्यासाठी केलं. दुकानाच्या सुट्टीच्या दुपारी हातात ब्रश असला की मी कुणाची आई नसायचे. पुढे काय, मी आहे तोवर ठीक, मी नसेन तेव्हा हिचं काय, हा भुंगा डोक्यातून जायचा. पानामागे पान काढत मी आत आत जायचे आणि मला परत यायचं नसायचं. तिथे दमट वास असेल, वरून पाणी ठिबकत असेल, कुठला तरी पक्षी ओरडत असेल, आणि तिथे मला कुणी काही विचारणार नाही. मग थोरली हात धरायची, भूक लागली म्हणून, आणि मी परत यायचे. त्या रानाने मला जगवलं. ते नसतं तर मी एखाद्या दिवशी त्या खिडकीतून बाहेर गेले असते, पण समोर भिंत होती, तेवढीही जागा नव्हती. हे मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

कलम ३. किरकोळ वस्तू

लाकडी शिडी, जिची मधली पायरी मोडली आहे, ती मुलांच्या आत्याला द्यावी. 'भिंती रंगवून पोट भरत नाही' असं त्या म्हणाल्या होत्या, तेव्हा त्या माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवत होत्या. पायरी दुरुस्त करून देऊ नये.

शिवणबाईंना माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या आणि हाताची खुर्ची. मी दुकानात असताना इतकी वर्षं थोरलीजवळ त्याच बसल्या. मी त्यांना विचारलं होतं, माझ्यामागे वर तिच्यापाशी राहाल का. त्या रडल्या. म्हणाल्या, "ताई, माझे गुडघे आता जिना चढत नाहीत, मी हो म्हटलं तर ते खोटं असेल." मी म्हटलं, खोटंच म्हणा, मला आज झोप लागेल. तरीही त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून बांगड्या त्यांना.

बँकेतलं सगळं थोरलीच्या औषधपाण्यासाठी. त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये, माझ्या शेवटच्या खर्चासाठीही नाही. माझ्या देहाचं काय करायचं ते ज्याला जे सोयीचं पडेल ते करावं.

दुकानाच्या मालकांना काही नाही. हे विसरून राहिलेलं नाही. का नाही ते शेवटी कळेल.

कलम ४. खोली पांढरी झाली, त्याबद्दल

गेल्या पावसाळ्याआधी मला पोट उघडायला इस्पितळात नेलं. उघडलं, बघितलं आणि परत शिवलं. त्या काळात धाकटा येऊन घरी राहिला. तो दूरच्या शहरात असतो, फोनवरून सल्ले देतो, उंटावरून शेळ्या हाकतो, असं मी त्याला नेहमी म्हणत आले. पण तो आला, रजा काढून आला, बहिणीला त्याने वेळेवर जेवू घातलं, हे नोंदवून ठेवते. त्याच्या मनाने घेतलं की एवढ्या गर्द, अंधाऱ्या रंगांत माणूस बरं कसं होईल. आई घरी येईल तेव्हा खोली उजळ दिसावी, आणि पुढेमागे घर दाखवायची वेळ आली तर बरं, असं दोन्ही. त्याने रंगारी बोलावला, थोरलीला पुढच्या खोलीत बसवलं आणि खोली पांढरी करून घेतली.

मी नव्हते, पण शिवणबाई होत्या, त्यांनी सांगितलं ते असं. थोरली दारात आली आणि उभी राहिली. ओरडली नाही.  मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी पुसायचं फडकं ओलं करून आली. धाकट्याला वाटलं, नेहमीप्रमाणे पुसापुशी करते आहे, करू दे. ती भिंतीशी बसली आणि पुसायला लागली. आधी टूकनची चोच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा तिचा हात पोहोचतो तिथपर्यंत रान परत आलं होतं. त्याच्या वर अजूनही पांढरंच आहे. मी ते तसंच ठेवलं, तसंही पुस्तकातल्या रानावर वरच्या बाजूला धुकं होतं. तिच्या बोटांची सालं निघाली होती. धाकटा तिच्या पायाशी बादली घेऊन बसला होता, पाणी बदलून देत. 

आता हे रंगातलं बोलणं, पण समजून घ्यावं. गुळगुळीत ऑइल पेंटवर डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासायचं, प्रायमर मारायचा, मग वर रंग. तसं केलं नाही तर ओलं फडकं फिरवलं की वरचं सगळं निघून येतं आणि खालचं जसंच्या तसं राहतं. कालचं पोरही ही चूक करणार नाही. आणि खोली रंगवली होती ती आमच्या जिराफने. हा उंच रंगारी, शिडीशिवाय छताला हात लावतो म्हणून धंद्यातले सगळे त्याला जिराफ म्हणतात. मी काउंटरला लागले तेव्हापासून तो माझ्याकडून रंग नेतो. टाके निघून मी दुकानात गेले त्या दिवशी त्याला गाठलं. विचारलं, ऑइल पेंटवर सरळ डिस्टेंपर मारताना तुझा हात कसा धजला.

तो शेडकार्ड चाळत राहिला. "विसरलो, ताई."

"इतक्या वर्षांत कधी विसरला नाहीस."

"मग एकदा विसरलो तर काय झालं?" तो म्हणाला, आणि लांबीची, भिंतीच्या भेगा भरायच्या पुट्टीची, पिशवी खांद्यावर टाकून निघून गेला.

कलम ५. त्यानंतर जे सुरू झालं ते

त्या दिवसापासून थोरलीला पांढरी भिंत दिसली की ती पुसून बघते. तिला मी बाहेर नेते ती फक्त दवाखान्यात, तेही डोळे मिटून, माझ्या दंडाला धरून. आता ती जिन्यात डोळे उघडते, कारण जिन्याची भिंत पांढरी आहे. ओढणीचं टोक तोंडात ओलं करते आणि पुसते. दवाखान्यात बाकावर बसली की मागची भिंत पुसते. डॉक्टरीणबाई कंपाउंडरला म्हणाल्या, पुसू दे, ओलं फडकं आणून दे तिला. भिंत ओली होते आणि पांढरीच राहते. मग थोरली फडक्याकडे बघते आणि नंतर माझ्याकडे बघते.

ते बघणं मला सहन होत नाही. आजाराच्या कळा मी सोसते, हे सोसवत नाही. तिची अशी समजूत झाली आहे की पांढऱ्याच्या खाली काहीतरी असतंच, नीट पुसलं की मिळतं. आणि मी तिला जिथे सोडून चालले आहे तिथे सगळं पांढरंच आहे.

कलम ६. धाकट्याशी झालेलं बोलणं

त्याच्याकडे एका खोलीत दोन पोरं आणि सासू झोपतात. सून वाईट नाही, ती मला कधी तोडून बोललेली नाही. मी त्याला आधी हक्काने सांगितलं, मग रागावले, मग शाप देईन म्हणाले, मग पाया पडते म्हणाले. आईने मुलाच्या पाया पडायची भाषा करू नये हे मला कळतं. तो माझ्यासमोर फरशीवर बसला.

"आई, मी तिला टाकत नाहीये. मला ती झेपणार नाही. झेपेल असं म्हणालो आणि नंतर हात उगारला तर? मला माझीच भीती वाटते."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण दुसरं काही ठेवण्यासारखं नव्हतं.

त्याने एक संस्था बघून ठेवली आहे. मला दाखवायला घेऊन गेला. संस्था वाईट असावी अशी माझी फार इच्छा होती, पण ती नव्हती. फरशी कोरडी होती, चादरी धुतलेल्या होत्या, एक म्हातारी खुर्चीत बसून स्वतःशी गाणं म्हणत होती आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं. ओळीने खाटा, प्रत्येकीशी एक छोटं कपाट, आणि भिंती पांढऱ्या, खालपासून वरपर्यंत, सगळीकडे. मी व्यवस्थापकबाईंना विचारलं, माझ्या मुलीच्या खाटेशी मी काही पक्षी काढून दिले तर चालेल का. त्या सभ्यपणे म्हणाल्या की एकीला केलं की सगळ्यांना करावं लागतं, शिवाय दरवर्षी सगळीकडे डिस्टेंपर होतो. चित्र टांगू का विचारलं, तर खिळा आणि काच चालत नाही. त्यांचंही बरोबर आहे. भिंतीलगतची शेवटची खाट देईन, एवढा शब्द मात्र त्यांनी दिला.

परत येताना मी धाकट्याला विचारलं, यांच्याकडे रंगकाम कोण करतं. तो म्हणाला, काय माहीत. मला माहीत होतं. गेली कित्येक वर्षं त्या संस्थेच्या डिस्टेंपरचे डबे माझ्याच काउंटरवरून गेले आहेत, आणि ते जिराफ नेतो.

कलम ७. माझी हत्यारं

माझे सगळे ब्रश, लांबी भरायचे पत्रे, टर्पेंटाइनची बाटली आणि माळ्यावरचे उरलेले डबे मी जिराफला देते. मी त्याला अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणू शकेल, त्याचं पोट त्या कामावर आहे. मेलेल्या बाईला नाही म्हणणं त्याला जमणार नाही. हा अन्याय आहे हे मला कळतं, आणि मी तो करत आहे.

जिराफ, ऐक. थोरलीला तिथे नेण्याआधी तुला एकदा काहीतरी दुरुस्तीच्या निमित्ताने आत जावं लागेल. भिंतीलगतची शेवटची खाट. उशीच्या वर, बसल्या जागी तिचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, ताटाएवढा तुकडा जुना डिस्टेंपर खरवडून काढ. लांबी भर, घास, प्रायमर मार. त्यावर ऑइल पेंटने टूकन काढ. तुझ्या हाताचा पक्षी वांग्यासारखा होतो हे मला माहीत आहे, म्हणून मी पुठ्ठ्याचा स्टेन्सिल कापून ठेवला आहे, तो दारामागे त्या कोंबडीजवळ खिळ्याला अडकवला आहे. चोचीचा पिवळा झाकणावर खूण केलेल्या डब्यातला घे, बाजारचा घेऊ नकोस. पक्ष्याच्या बाजूने उन्हाचा एक पट्टा खाली उशीकडे उतरव. उन्हाला हात लावू नकोस, सावली गर्द कर. नीट वाळू दे, घाई करू नकोस. आणि मग वरून डिस्टेंपर मार, बाकीच्या भिंतीसारखाच, पातळ, एकच हात. पॉलिश पेपर मारायला विसर. तुला विसरता येतं, मी बघितलं आहे.

पुढे दरवर्षी ते सगळं पुन्हा पांढरं होईल आणि दरवर्षी तिला पुन्हा पुसावं लागेल. होऊ दे. व्यवस्थापकबाई रागावतील, कदाचित घासून काढायला सांगतील. घासायला तुलाच बोलावतील, तेव्हा काय करायचं ते तुझं तू बघ.

धाकट्या, हे कलम तू वाचशील. मृत्युपत्र सगळ्यांसमोर वाचतात, त्यामुळे हे तुझ्यापासून लपवता येत नाही आणि मला लपवायचंही नाही. तू तिला घरी ठेवलंस, पहिलं कलम पाळलंस, तर यातलं काहीच करावं लागणार नाही, आणि मी जिथे असेन तिथून तुझ्या पाठीवर हात फिरवेन. नाही जमलं तर मी तुला शाप देत नाही. दिला असेल रागाच्या भरात, तर तो या मृत्युपत्राने रद्द केला आहे. घर वीक, घेणाऱ्याने खोली हवी तशी रंगवावी, घासून, प्रायमर मारून, माझी हरकत नाही. माझं रान माझ्याबरोबर गेलं तरी चालेल. पण तिला तिथे सोडशील त्या दिवशी तिच्या सामानात एक सुती फडकं ठेव, आणि व्यवस्थापकबाईंना काही सांगू नकोस. खाटेजवळ पाण्याचा तांब्या असावा एवढंच सांग. आईचं म्हणून एवढं एक गुपित सांभाळ.

मग ती बसेल, इकडेतिकडे बघेल, रस्त्याने कान दाबून आलेली असेल, मी दिसणार नाही. समोर पांढरी भिंत असेल. ती फडकं ओलं करेल. माझ्या लेकीने आजवर किती भिंती पुसल्या आणि किती वेळा माझ्याकडे वळून बघितलं. त्या वेळी बघायला मी नसेन. निदान एका भिंतीखाली तिला काहीतरी सापडू द्या.

एवढंच. वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं आहे आणि ते माझंच आहे.

लिहून देणार : (सही) थोरलीची आणि धाकट्याची आई

साक्षीदार पहिले : (सही) रंगाच्या दुकानाचे मालक. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार चालत नाही असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून यांना काही ठेवलेलं नाही. जिना चढून आले, सातवं कलम वाचलं, आणि प्रायमर आपल्या दुकानातून न्यावा असं जाताना म्हणाले.

साक्षीदार दुसऱ्या : (सही) दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. लिहून देणार बाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली. डोकं शांत होतं.

दिनांक : सोबतच्या दाखल्यावर आहे तोच.

स्थळ : राहत्या घराची आतली खोली, टूकनच्या बाजूला. थोरली इथेच आहे, उन्हात बसली आहे.